माइक बंद ठेवून खेळणारे

व्हिडीओ गेम कोण खेळतं, असं विचारलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे एकच चित्र येतं. विशीतला मुलगा, कानांवर हेडफोन, रात्रीचे दोन वाजलेत आणि खोलीत उजेड फक्त स्क्रीनचा. अमेरिकेतल्या माणसाला हेच विचारलं तर त्याच्या चित्रातला मुलगा बहुधा गोराही असतो.

आता अमेरिकेतल्याच प्यू रिसर्च सेंटर या संशोधन संस्थेची २०१५ मधली पाहणी बघा. प्रौढ पुरुषांपैकी ५० टक्के गेम खेळत होते आणि स्त्रियांपैकी ४८ टक्के. म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. तरीही त्याच पाहणीत ६० टक्के लोकांचं म्हणणं पडलं की गेम खेळणाऱ्यांत पुरुषच जास्त असतात. ‘तुम्ही स्वतःला गेमर म्हणवता का’ या प्रश्नाला १५ टक्के पुरुष हो म्हणाले, स्त्रिया मात्र ६ टक्केच. वंशाच्या बाबतीत तर सगळं उलटंच निघालं. स्वतःला गेमर म्हणवणाऱ्यांचं प्रमाण गोऱ्यांमध्ये ७ टक्के, कृष्णवर्णीयांमध्ये ११ टक्के आणि लॅटिन अमेरिकी वंशाच्या लोकांमध्ये १९ टक्के होतं.

‘गेमिंगमध्ये विविधता आणायला हवी’ असं सर्रास बोललं जातं. हे आकडे पाहिले की कळतं, ती आणायची राहिलेलीच नाही. बायका खेळतायत, सगळ्या वंशांचे लोक खेळतायत, आणि फार आधीपासून खेळतायत. अडलंय ते दुसरीकडे. खेळतात सगळे, पण दिसतात आणि ऐकू येतात मोजकेच. बाकीचे माइक बंद ठेवतात, खोटं नाव घेतात, अनोळखी लोकांच्या लॉबीत, म्हणजे सामन्याआधी खेळाडू जमतात त्या ऑनलाइन खोलीत, शिरत नाहीत. असं का होतं आणि त्यावर नेमका कशाचा उपयोग होतो, ते टप्प्याटप्प्याने समजून घेऊ.

हे चित्र आलं कुठून

१९७६ साली फेअरचाइल्ड कंपनीने ‘चॅनल एफ’ नावाचं यंत्र बाजारात आणलं. त्याआधीच्या घरगुती यंत्रांत कारखान्यातच बसवलेले दोन-चार खेळ असत, तेवढेच खेळायचे. चॅनल एफमध्ये एक कार्ट्रिज काढून दुसरं घालता यायचं. आपल्याकडे जिला सगळे ‘कॅसेट’ म्हणायचे आणि अडकली की फुंकर मारून पुन्हा खोचायचे, तिचीच ही आजी. हे यंत्र घडवणाऱ्या चमूचे प्रमुख होते जेरी लॉसन, ब्रुकलिनमध्ये जन्मलेले कृष्णवर्णीय इंजिनिअर. ज्या होमब्रू कॉम्प्युटर क्लबमध्ये अॅपलच्या संस्थापकांची ऊठबस होती, त्या क्लबात कृष्णवर्णीय सभासद दोघंच होते. लॉसन त्यांतले एक.

दोनच वर्षांनी, १९७८ मध्ये, कॅरॉल शॉ अटारी कंपनीत लागल्या. पुढे अॅक्टिव्हिजनमध्ये असताना १९८२ साली त्यांनी ‘रिव्हर रेड’ हा विमानाचा गेम केला, तोही अवघ्या ४ किलोबाइटच्या कार्ट्रिजमध्ये. एवढ्याशा जागेत लांबलचक नदीचा नकाशा मावणार कसा? शॉ यांनी तो साठवलाच नाही. विमान पुढे जाईल तसतशी नदी आपोआप तयार होत जाईल आणि दर वेळी तीच नदी तयार होईल, असं सूत्र त्यांनी लिहिलं. हा गेम आजही अभ्यासला जातो. त्याच शॉ यांनी मुलाखतीत सांगितलंय की अटारीत असताना कंपनीच्या प्रमुखांनी त्यांना बघून म्हटलं होतं, आता आपल्याकडे बाई आली, सौंदर्यप्रसाधनांच्या रंगसंगतीचे आणि घरसजावटीचे गेम ती करेल. अटारीचाच ‘सेंटिपीड’ हा आर्केड गेम, म्हणजे नाणं टाकून मशीनवर खेळायचा गेम, १९८१ चा. तो घडवणाऱ्या दोघांपैकी एक डोना बेली, त्याही बाईच.

म्हणजे सुरुवातीला सगळेच होते. मग बिघडलं कुठे? बऱ्याच अंशी दुकानाच्या फळीवर.

१९८३ मध्ये अमेरिकेतला घरगुती गेमचा बाजार कोसळला. दोन वर्षांत उलाढाल ९० टक्क्यांहून जास्त घसरली. व्हिडीओ गेम म्हटलं की दुकानदार माल घ्यायलाच तयार होईनात. १९८५ मध्ये निन्टेन्डो अमेरिकेत उतरली ती या परिस्थितीत. तिने यंत्रासोबत एक छोटा रोबो दिला आणि हे ‘खेळणं’ आहे असं सांगून ते खेळण्यांच्या दुकानांत शिरवलं. युक्ती चालली, पण खेळण्यांच्या दुकानात मुलांच्या फळ्या वेगळ्या आणि मुलींच्या वेगळ्या. माल कुठेतरी एकीकडेच लागणार होता, तो मुलांकडे लागला. मग जाहिराती मुलग्यांसाठी, मासिकं मुलग्यांसाठी, आणि त्या जाहिराती बघून वाढलेले मुलगेच पुढे कंपन्यांत गेम बनवायला बसले. एका व्यापारी सोयीचं दहा-पंधरा वर्षांत ‘मुलींना गेममध्ये रसच नसतो’ असं निसर्गनियमासारखं वाक्य झालं.

या वाक्याला धक्का बसेल असं काही घडलं की काय व्हायचं, तेही बघण्यासारखं आहे. १९९६ मध्ये ‘बार्बी फॅशन डिझायनर’ आला आणि पहिल्या दोन महिन्यांत ५ लाखांहून जास्त प्रती खपल्या. तो खरा गेम नव्हेच, असं ठरलं. २००० मध्ये ‘द सिम्स’ आला, त्याच्या खेळाडूंत बायका प्रचंड संख्येने होत्या. हा तर बाहुलीघर, असं म्हटलं गेलं. पुढे मोबाइलवरचे कोडी जुळवायचे गेम आले आणि ते ‘टाइमपास’ ठरले. ज्या गेममध्ये बायका जमतात त्याला गेमच्या यादीतून वगळायचं आणि मग यादीत बायका नाहीत म्हणायचं! ४८ टक्के बायका खेळतात आणि ६ टक्केच स्वतःला गेमर म्हणवतात, या दोन आकड्यांमधलं अंतर मला तरी असंच पडलेलं दिसतं.

आवाज ऐकू आला की

फळीची गोष्ट जुनी झाली. आज गेम डाउनलोड होतो, फळी उरलेलीच नाही. आता दार आहे ते माइकचं.

ऑनलाइन गेममध्ये चार-पाच अनोळखी माणसं एका चमूत येतात. शत्रू कुठे दिसला, गोळ्या संपल्या का, कोणाला उचलायचंय, हे सगळं बोलून सांगायचं असतं. न बोलणारा खेळाडू हरायची शक्यता वाढवतो. बोलला की मात्र एका क्षणात सगळ्यांना कळतं, बाई आहे का, कुठली आहे, कृष्णवर्णीय आहे का, इंग्रजी हिची दुसरी भाषा आहे का.

ओहायो विद्यापीठातल्या जेफ्री कुझनेकॉफ आणि लिंडसे रोझ यांनी यावर एक साधा पण नेमका प्रयोग केला. ‘हेलो ३’ या गोळीबाराच्या गेममध्ये ते शिरले आणि आधी रेकॉर्ड केलेली वाक्यं माइकवर वाजवत राहिले. वाक्यं अगदी निरुपद्रवी होती, कोणाला नमस्कार, कोणाच्या नेमाचं कौतुक, एवढंच. काही सामन्यांत ती पुरुषाच्या आवाजात, काहींत बाईच्या आवाजात आणि काही सामन्यांत आवाजच नाही. बाईच्या आवाजाला उद्देशून आलेले वाईट शेरे इतर दोन्ही प्रकारांच्या तिप्पट निघाले. शब्द तेच होते आणि खेळही तोच, वेगळा होता तो फक्त आवाज.

पुढे २०१५ मध्ये मायकल कासुमोविक या शास्त्रज्ञाने कुझनेकॉफ यांच्यासोबत याच प्रयोगातल्या संभाषणांकडे पुन्हा पाहिलं. त्यांना विचारायचं होतं, नेमके कोण त्रास देतात? उत्तर असं आलं की ज्यांचा स्वतःचा खेळ त्या सामन्यात वाईट होत होता ते बाईच्या आवाजावर जास्त तुटून पडत होते. चांगलं खेळणारे तिच्याशी बऱ्यापैकी वागत होते. हेच कमकुवत खेळाडू पुरुषाच्या आवाजापुढे मात्र नमतं घेत. संशोधकांचा अर्थ असा की उतरंडीत जो खाली असतो त्याला नवं माणूस आलं की आपली जागा जाण्याची भीती जास्त वाटते. मला या अभ्यासातली आणखी एक गोष्ट विसरता येत नाही. त्या सामन्यांत जे जे खेळाडू माइकवर बोलले ते सगळे पुरुष होते. बायका तिथे नव्हत्याच की गप्प होत्या, हे कळायला मार्ग नाही.

त्याच वर्षीच्या प्यूच्या दुसऱ्या पाहणीतून मात्र अंदाज येतो. ऑनलाइन खेळणाऱ्या किशोरवयीन मुलांपैकी ७१ टक्के आवाजाने बोलत होते. मुलींमध्ये हे प्रमाण २८ टक्के. म्हणजे तेरा-चौदाव्या वर्षी मुली माइकचं बटण कुठे असतं ते शिकतात, आणि ते बंद कसं करायचं तेही.

वंशाच्या बाबतीत आवाज कसं काम करतो, यावर किशोना ग्रे यांचं मोठं काम आहे. एक्सबॉक्सच्या ऑनलाइन सेवेवर खेळणाऱ्या कृष्णवर्णीय आणि लॅटिन स्त्रियांसोबत त्या खेळल्या, बसल्या, बोलल्या. तिथे चेहरा दिसत नाही, पण दोन वाक्यांच्या उच्चारावरून समोरचा ओळखतो आणि शिवी सुरू होते. आपल्याला हे समजायला जड जाऊ नये. ‘पाणी’ म्हटलं की ‘पानी’ यावरून माणसाचं गाव, जात, शिक्षण सगळं मनातल्या मनात मांडून मोकळे होणारे आपल्या अवतीभोवती कमी नाहीत. ग्रे यांनी पाहिलेल्या कितीतरी स्त्रियांनी अनोळखी लॉबी सोडल्या आणि आपापसांतले गट केले. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, या बायका एक्सबॉक्सवर नाहीतच. त्या असतात, पण बंद दाराआड असतात.

आवाज नसेल तर वंश लपतो का? तोही नाही. २००३ सालच्या ‘लिनिएज २’ या कोरियन गेममध्ये बुटक्या जमातीच्या पात्रांना मेलेल्या राक्षसाकडून जास्त ऐवज काढता यायचा. गेममधलं सोनं जमवून खऱ्या पैशाला विकण्याचा धंदा करणारे लोक त्यामुळे बुटकी स्त्री-पात्रं घेऊन खेळत, आणि हे सगळे चिनी असतात असा अमेरिकन सर्व्हरवर समज पसरला. परिणाम असा की बुटकी मुलगी हे पात्र दिसलं की ते ‘चिनी’ समजून मारायचं, हाकलायचं, ही रीतच पडली. कॉन्स्टन्स स्टाइनक्युलर यांनी २००६ मध्ये हे नोंदवलं आहे. ज्यांना फक्त ते गोंडस पात्र आवडलं होतं अशा खेळाडूंनाही ते सोडून द्यावं लागलं. माणसाचा वंश कसा, कुठेही, काल्पनिक प्राण्यावरसुद्धा चिकटवता येतो, याचं याहून स्वच्छ उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

दोन खेळाडू, एकच वर्ष

मे २०१६. टेक्सासमधल्या ऑस्टिनला ‘ड्रीमहॅक’ ही गेमिंगची स्पर्धा चालू होती. ‘हार्थस्टोन’ या पत्त्यांच्या गेममध्ये टेरेन्स मिलर हा कृष्णवर्णीय खेळाडू एकेक फेरी जिंकत अंतिम सामन्यापर्यंत गेला आणि दुसरा आला. त्याच्या आयुष्यातली तोवरची सर्वांत मोठी कामगिरी. सामना ट्विच या गेमचं थेट प्रक्षेपण दाखवणाऱ्या संकेतस्थळावर दिसत होता आणि शेजारच्या चॅटमध्ये वर्णद्वेषी मजकुराचा असा लोंढा लागला की खेळाबद्दलचं एक वाक्य टिकेना.

इथे एक तांत्रिक बाब समजून घ्यायला हवी. चॅटमध्ये शिव्यांचे शब्द गाळणारी चाळणी असतेच. पण ट्विचवर शब्दांऐवजी छोटी चित्रंही टाकता येतात. त्यांतलं एक चित्र ट्रायहेक्स नावाच्या लोकप्रिय कृष्णवर्णीय स्ट्रीमरचा, म्हणजे आपला खेळ थेट दाखवणाऱ्याचा, हसरा चेहरा होतं. ते बनलं कौतुकातून. पण पडद्यावर कोणीही कृष्णवर्णीय दिसला की तेच चित्र शेकड्यांनी टाकायची खोड लोकांना लागली. चाळणी काय पकडणार? शब्द एकही वाईट नाही, चित्र कंपनीनेच दिलेलं. अर्थ मात्र प्रत्येकाला कळतो, ज्याच्यावर टाकलं जातंय त्याला तर सर्वांत आधी. द्वेष फक्त शब्दांत असतो असं मानणारं कुठलंही नियमन इथे तोकडं पडतं. त्या वर्षाच्या अखेरीस ट्विचने ‘ऑटोमॉड’ आणला, जो संशयास्पद मजकूर दिसण्याआधी थांबवून चॅट सांभाळणाऱ्या माणसाला विचारतो.

त्याच वर्षी जूनमध्ये कोरियात दुसरी गोष्ट घडली. ‘ओव्हरवॉच’ खेळणारी गेगुरी ही १७ वर्षांची मुलगी. तिचा नेम इतका अचूक होता की प्रतिस्पर्ध्यांनी आरोप केला, हिच्याकडे नेम धरून देणारं बेकायदा सॉफ्टवेअर आहे. दोन व्यावसायिक खेळाडूंनी तर आरोप खोटा ठरला तर खेळ सोडू असं जाहीर केलं. धमक्याही आल्या, सुरा घेऊन येण्याची भाषासुद्धा झाली. गेम बनवणाऱ्या कंपनीने फसवणूक नसल्याचं सांगूनही भागेना. शेवटी तिला स्टुडिओत बोलावलं, तिच्या हातावर आणि माउसवर कॅमेरा लावला आणि ती सगळ्यांसमोर खेळली. तिथेही नेम तितकाच अचूक होता. आरोप करणारे बाजूला झाले. २०१८ मध्ये शांघाय ड्रॅगन्सने तिला घेतलं आणि ओव्हरवॉच लीगमध्ये खेळणारी ती पहिली स्त्री ठरली.

ही गोष्ट बहुतेक वेळा विजयकथा म्हणून सांगितली जाते. मला त्यात कॅमेरा खटकतो. चांगल्या खेळणाऱ्या मुलाला हात दाखवावे लागत नाहीत. अशी परीक्षा द्यायला जी तयार होणार नाही, तिचं काय? ती खेळ सोडते आणि तिचं नावही आपल्याला कळत नाही.

गेमरगेट

या विषयावर काहीही वाचायला घेतलं की हा शब्द येतो, म्हणून थोडक्यात सांगायला हवं. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत झोई क्विन या गेम बनवणाऱ्या व्यक्तीबद्दल त्यांच्या आधीच्या जोडीदाराने इंटरनेटवर लांबलचक मजकूर टाकला. त्यातून आरोप उठला की क्विन यांनी एका पत्रकाराशी संबंध ठेवून गेमचं चांगलं परीक्षण मिळवलं. त्या पत्रकाराने असं परीक्षण कधी लिहिलेलंच नव्हतं. तरी ‘गेमरगेट’ नावाची मोहीम पेटली आणि महिनोन्‌महिने चालली. घरचे पत्ते जाहीर झाले, बलात्काराच्या आणि खुनाच्या धमक्या आल्या, काहींना घर सोडून जावं लागलं. गेममधल्या स्त्री-पात्रांवर चित्रफिती करणाऱ्या अनिता सार्कीझियन यांच्यावर २०१२ पासूनच राग होता. त्यांचं ऑक्टोबर २०१४ मध्ये युटा राज्यातल्या विद्यापीठात व्याख्यान होतं, तिथे सामूहिक गोळीबाराची धमकी आली. राज्याच्या कायद्यामुळे श्रोत्यांची शस्त्रांसाठी झडती घेता येणार नाही, असं कळल्यावर त्यांनी व्याख्यान रद्द केलं.

मोहिमेत सामील झालेल्या काहींना गेम-पत्रकारितेतल्या साटेलोट्याची खरोखर काळजी होती, हे मान्य करायला हवं. काही संकेतस्थळांनी पुढे आपले नियमही कडक केले. पण ज्या मोठ्या कंपन्या जाहिरातींच्या जोरावर परीक्षणांवर दबाव आणू शकतात त्यांच्यावर हा राग निघाला नाही. तो निघाला एकट्यादुकट्या बायकांवर. याचा परिणाम त्या दोन-तीन नावांपुरता राहिला नाही. बोललं की काय होतं, हे हजारो मुलींनी घरबसल्या पाहिलं.

कंपन्यांच्या आतही फार वेगळं वातावरण नव्हतं. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ बनवणाऱ्या रायट गेम्सवर २०१८ मध्ये स्त्री-कर्मचाऱ्यांनी भेदभावाचा दावा लावला आणि डिसेंबर २०२१ मध्ये १० कोटी डॉलरवर तडजोड झाली. त्यातले ८ कोटी स्त्री-कर्मचाऱ्यांसाठी होते.

एक वेगळं अंगण

सगळीकडे सारखंच चित्र आहे असं मात्र नाही. ‘स्ट्रीट फायटर’, ‘मॉर्टल कॉम्बॅट’, ‘टेकन’ असे मारामारीचे गेम खेळणाऱ्यांची दुनिया अमेरिकेत सुरुवातीपासून कृष्णवर्णीय, लॅटिन आणि आशियाई मुलांची राहिली आहे. कारण अगदी जमिनीवरचं आहे. हे गेम वाढले आर्केडमध्ये. न्यूयॉर्कच्या मॉट स्ट्रीटवरचं ‘चायनाटाउन फेअर’ हे त्यांतलं प्रसिद्ध ठिकाण. महागडा कॉम्प्युटर नको, वेगवान इंटरनेट नको, खिशात नाणं हवं. जिंकलास तर उभा राहा, हरलास तर बाजूला हो. गरीब वस्तीतलं पोर तिथे राजा होऊ शकत होतं, आणि झालीही. या मंडळींनीच उभी केलेली ‘इव्हो’ ही स्पर्धा आज जगभर ओळखली जाते. याच परंपरेतला सॉनिकफॉक्स हा खेळाडू कृष्णवर्णीय आहे, समलैंगिक आहे आणि डिसेंबर २०१८ मध्ये ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये वर्षाचा सर्वोत्तम ईस्पोर्ट्स खेळाडू ठरला.

पण वंशाच्या बाबतीत उघडं असलेलं हे अंगण बायकांना तितकं उघडं नव्हतं. फेब्रुवारी २०१२ मध्ये कॅपकॉम कंपनीच्या एका थेट प्रक्षेपणात चमूच्या प्रशिक्षकानेच आपल्या महिला खेळाडूवर दिवसेंदिवस अश्लील शेरेबाजी केली आणि वर, असं वागणं हा या खेळाच्या संस्कृतीचा भाग आहे, असं समर्थन केलं. तिने स्पर्धा सोडली. रात्री उशिरापर्यंत चालणारं, मुलांनी भरलेलं आर्केड मुलीला कधीच सोपं नव्हतं. आपल्याकडच्या गेम पार्लरमध्येही एक-दोन रुपयांत खेळता यायचं, सगळ्या आळीतली पोरं जमायची, पण मुली क्वचितच दिसायच्या. पैशाचं दार उघडलं म्हणून बाकीची दारं आपोआप उघडत नाहीत. स्त्री आणि वंश हे दोन प्रश्न एकत्र बोलले जातात खरे, पण त्यांची कुलुपं वेगवेगळी आहेत.

काय केल्याने फरक पडतो

‘वाईट लोकांना काढून टाका’ हा पहिला सुचणारा उपाय. रायट गेम्सने आपल्या चॅटचा अभ्यास केला तेव्हा दिसलं की सतत घाण करणारे खेळाडू एक टक्क्याच्या आसपास, आणि एकूण वाईट वर्तनातला त्यांचा वाटा फक्त ५ टक्के. उरलेलं सगळं येत होतं एरवी बरं वागणाऱ्या, कधीतरी डोकं फिरलेल्या माणसांकडून. म्हणजे एकेक माणूस हाकलून फार काही साधत नाही. मग त्यांनी एक छोटा बदल केला. विरुद्ध चमूशी बोलायची चॅट आपोआप चालू असायची, ती बंद करून ठेवली. ज्याला हवी त्याने स्वतः चालू करावी. वाईट शेरे सुमारे एक तृतीयांशाने घटले, चांगलं बोलणं तितक्याच प्रमाणात वाढलं, आणि चॅट वापरणाऱ्यांची संख्या होती तेवढीच राहिली. रागाच्या आणि बटणाच्या मध्ये दोन सेकंद आले, इतकंच.

मला सर्वांत आवडलेला उपाय ‘एपेक्स लेजेंड्स’चा. हा गेम २०१९ मध्ये आला. बनवणाऱ्यांनी चाचण्यांच्या काळात माइक काढून टाकले, खोटी नावं घेतली आणि महिनाभर एकमेकांना अनोळखी असल्यासारखं खेळून पाहिलं. त्यातून त्यांची ‘पिंग’ पद्धत पक्की झाली. जिकडे शत्रू दिसेल तिकडे बोट दाखवावं तसं एक बटण दाबायचं, तुमचं पात्र स्वतःच्या आवाजात सांगतं, ‘शत्रू इकडे’. बंदूक सापडली, इकडे जाऊया, नको, थांबा, धन्यवाद, सगळं एका बटणाने. माइक बंद ठेवून खेळणारी मुलगी आता चमूवरचं ओझं राहिली नाही. मुके, कर्णबधिर, दुसऱ्या भाषेचे, घरात बाळ झोपलंय म्हणून गप्प असलेले, सगळ्यांचीच सोय झाली. २०२१ मध्ये कंपनीने या पद्धतीचं पेटंट इतरांना मोफत खुलं केलं.

अर्थात पिंगमुळे गप्प राहून खेळता येतं. बोलून खेळता यावं, ही पुढची पायरी. तिथे माणसंच लागतात. इंग्लंडमध्ये जे-अॅन लोपेझ यांनी २०१५ मध्ये ‘ब्लॅक गर्ल गेमर्स’ हा गट सुरू केला, जिथे कृष्णवर्णीय मुलींना माइक चालू ठेवून खेळता येतं. गेममध्ये सावळ्या-काळ्या त्वचेच्या धड छटाच नाहीत म्हणून अमीरा व्हर्जिल या खेळाडूने ‘द सिम्स ४’साठी स्वतः रंगांचा संच बनवून वाटला. मूळ कंपनीने शंभरहून जास्त नव्या छटा दिल्या त्या डिसेंबर २०२० मध्ये. खेळाडूंनी काम करून दाखवलं आणि कंपनी मागून आली, हा क्रम या क्षेत्रात पुन्हा पुन्हा दिसतो.

स्त्रियांसाठी वेगळ्या स्पर्धा हव्यात का, यावर वाद असतो. ‘व्हॅलोरंट’ या गेमची ‘गेम चेंजर्स’ ही अशीच मालिका २०२१ पासून आहे. गेममध्ये ताकदीचा प्रश्न नाही, मग वेगळं कशाला? हा प्रश्न मराठी माणसाला नवा नाही. बुद्धिबळात तरी कुठे ताकद लागते? १९७४ साली वासंती खाडिलकर पहिली राष्ट्रीय महिला विजेती झाली. १९७६ मध्ये तिची धाकटी बहीण रोहिणी पुरुषांसोबत राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावर गदारोळ झाला आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांना सांगावं लागलं की मुलींना अडवता येणार नाही. पुढे महिलांच्या स्पर्धाही चालू राहिल्या आणि खुल्या स्पर्धांचं दारही उघडं राहिलं. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली, ती या दोन्ही वाटांवरून चालत. वेगळ्या स्पर्धेत मुलीला सराव, बक्षीस, प्रशिक्षक आणि शिवीगाळ न होता हरण्याची मुभा मिळते. खुली स्पर्धा बंद झाली नाही म्हणजे झालं.

आपल्या फोनवर

भारतात गेमिंग वाढलं ते फोनवर. कन्सोल नको, कॉम्प्युटर नको, घरात जो फोन आहे त्यावर पबजी, फ्री फायर, नंतर बीजीएमआय. आर्केडच्या नाण्यासारखंच हे स्वस्त दार. लातूरचा मुलगा आणि दादरचा मुलगा एकाच स्क्वॉडमध्ये येतो, ही साधी गोष्ट नाही. पण एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी देशातल्या नामवंत गेमरना भेटायला बोलावलं तेव्हा सात जणांत मुलगी एकच होती, पायल धारे. मुंबईचा मिथिलेश पाटणकर त्यांत होता, नमन माथुर होता. मुलगी मात्र एकच.

कारण दार स्वस्त झालं, तरी माइक तोच आहे. आपल्या लॉबीत आईबहिणीवरून शिव्या तर वाक्यागणिक असतात. मुलीचा आवाज आला की एक तर ‘जा, पोळ्या लाट’, नाहीतर इन्स्टाग्रामचा आयडी मागणं. ईशान्येकडच्या मुलाला ‘चिनी’ म्हणणं, जातीची नावं शिवीसारखी वापरणं, हेही ऐकू येतं. वर्णद्वेष अमेरिकेचा आणि आपण नामानिराळे, असं म्हणायची सोय नाही.

घरात कोणी मुलगी खेळत असेल तर आईवडिलांना दोन गोष्टी माहीत असाव्यात. एक, बहुतेक गेममध्ये आवाज फक्त आपल्या चमूपुरता ठेवता येतो, समोरच्याला एका बटणाने म्यूट करता येतं, आणि सामना संपल्यावर निकालाच्या पानावरूनच त्याला रिपोर्ट करता येतं. रिपोर्ट करताना चॅटचा स्क्रीनशॉट किंवा स्क्रीन रेकॉर्डिंग जवळ ठेवावं. धमकी किंवा अश्लील मागणी असेल तर १९३० या सायबर हेल्पलाइनपेक्षा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरचा महिला आणि बालकांसाठीचा विभाग जास्त उपयोगाचा, तिथे काही प्रकारच्या तक्रारी नाव न देताही करता येतात. आणि दोन, ‘असले लोक असतात तर खेळूच नकोस’ म्हणून फोन काढून घेतला, तर त्या लॉबीतल्या मुलाला हवं होतं तेच आपण घरात करून दिलं. त्याऐवजी तिच्या ओळखीच्या चार जणी मिळून एक स्क्वॉड करता येतो का, हे विचारा. चौघी एकत्र असल्या की माइक चालू राहतो.